ग्रंथालयात अडकलेली बकुळ

डॉक्टरबाईंना सरळ प्रश्न विचारला आणि सरळ उत्तर मिळालं, असं फार कमी लोकांच्या बाबतीत घडलं असेल. मी जेद्दात नवीन होते तेव्हा हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यांची-माझी पहिली गाठ पडली. मी लॅबमध्ये, त्या भूलतज्ज्ञ. समोरच्या बाई मराठी आहेत हे त्यांच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवरून ओळखून मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

त्यांनी बोटाची चटणी चाटली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "जिथल्या भोपळ्याची भाजी करत नाहीत, वाजवतात, तिथली."

आणि डबा मिटून ऑपरेशन थिएटरकडे निघून गेल्या. मी दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत भोपळ्याचा विचार करत होते. घरी जाताना गाडीत एकदम उजेड पडला. सतारीचे भोपळे! दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये त्या दिसल्या तशी मी लांबूनच ओरडले, "मिरज!" त्यांनी मागे वळून न बघता नुसता हात वर केला. आमची ओळख त्या दिवशी झाली असं त्या कायम सांगत. आदल्या दिवशीची भेट त्यांनी धरलेलीच नव्हती.

उंच, हाडकुळ्या, पिकलेले केस पोरासारखे बारीक कापलेले. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "त्याला उत्तर आलं नाही." बलदमधल्या, म्हणजे जुन्या जेद्दातल्या, एका शिंप्याकडून त्यांनी आपल्या अबायाच्या काळ्या झग्याला मोठेमोठे खिसे शिवून घेतले होते. त्यांत पेन्सिली, खोडरबर, खडीसाखर आणि कागदाचे कपटे कोंबलेले असत. चालताना त्या खुळखुळायच्या.

पेशंटला भूल देतानाही त्यांचा हा नाद सुटत नसे. मोडक्यातोडक्या अरबीत त्या त्याला कोडं घालायच्या आणि सांगायच्या, "उत्तर उठल्यावर." बिचारा विचार करता करता झोपी जायचा. एकदा एका आडदांड सौदी गृहस्थांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. "दात आहेत, पण चावत नाही," असं कोडं घालून बाईंनी त्यांना झोपवलं. शुद्धीवर येता येता ते गृहस्थ 'मुश्त, मुश्त' असं पुटपुटायला लागले. नर्स नवीन होती, फिलिपिनो. मुश्त म्हणजे कंगवा एवढं तिला कळलं आणि ती धावत जाऊन खरंच कंगवा घेऊन आली. बाई म्हणाल्या, "शाब्बास. मेंदूचं काम उत्तम चाललंय. वॉर्डात न्या."

पण त्यांचं खरं राज्य होतं ते त्यांच्या फ्लॅटमध्ये. अझिझियातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये त्या एकट्या राहत, आणि आतल्या मोठ्या खोलीत त्यांनी मराठी पुस्तकांचं ग्रंथालय केलं होतं. कुणीही सुट्टीवर भारतात निघालं की त्यांचा फोन ठरलेला. "चिवडा कमी आणा, पण दोन पुस्तकं आणा." अशी वर्षानुवर्षं बॅगांमधून आलेली ती पुस्तकं. ती लावायची त्यांची पद्धत जगातल्या कुठल्याच ग्रंथालयात नसेल. कुणाचं कुणाशी पटेल, ते बघून त्या पुस्तकं शेजारी ठेवत. भुताच्या गोष्टींना लागून पाककृती, कारण दोन्ही रात्री वाचू नयेत. गणिताला लागून कविता, कारण दोघांनाही कुणी बोलवत नाही. एखादं पुस्तक मागितलं की त्या ते द्यायच्या आणि त्याचं शेजारचंही हातात ठेवायच्या. "त्याला एकट्याला करमत नाही."

दर शुक्रवारी सकाळी आमची मुलं तिथे जमत. ती मुलं म्हणजे इथल्या इंडियन स्कूलमधली. घरी आपण मराठीत बोलावं आणि त्यांनी इंग्रजीत नाहीतर हिंदीत उत्तर द्यावं, हा सगळ्या घरांतला रिवाज. बाईंनी त्यावर उपाय काढला होता. मूल इंग्रजीत बोललं की त्यांना ऐकूच यायचं नाही. कानामागे हात धरून त्या म्हणायच्या, "काय म्हणालास? मला इंग्रजी फक्त ड्युटीवर ऐकू येतं." मुलांना ही मावशी आवडायची, म्हणून ती धडपडत मराठी शब्द शोधायची. माझी सई मात्र त्यावर गप्पच बसायची. ती तेव्हा आठ वर्षांची. तिला दमा होता. आधीच बोलणं कमी, त्यात चुकण्याची भीती. ती कोपऱ्यात बसून नुसतं ऐकायची.

ऐकण्यासारखं होतंच तसं. बाई मुलांसाठी एक कादंबरी लिहीत होत्या. बकुळ नावाची एक मराठी मुलगी जेद्दातल्या एका ग्रंथालयात अडकते, त्याची ती गोष्ट. ग्रंथालय बलदमधल्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरातलं. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, लाकडी जाळ्यांचे सज्जे, माळ्यावर माळे. तिथला म्हातारा ग्रंथपाल मरण्याआधी प्रत्येक दालनाच्या दाराला एकेक कोडं घालून गेलाय. कोडं सुटलं की दार उघडतं, नाहीतर बकुळ जिथल्या तिथे. "पण मावशी, जेद्दात मराठी मुलगी कशी काय?" असं एका पोरानं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही कसे काय?"

त्यांचा नियम कडक होता. बकुळला पडलेलं कोडं मुलांनी सोडवल्याशिवाय पुढचं प्रकरण वाचायचं नाही. आणि उत्तर नुसतं तोंडानं सांगून चालायचं नाही, फ्लॅटमध्ये शोधून काढायचं. एकदा कोडं होतं, "मजा इथल्या रीतीने वाचा." पोरांनी सगळी पुस्तकं पालथी घातली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इथली रीत म्हणजे अरबीची, उजवीकडून डावीकडे. मजा उलटी वाचली की जाम! सगळी फौज फ्रीजवर धावली. जामच्या बाटलीमागे बाईंनी लपवलेली बकुळची किल्ली होती. दुसऱ्या वेळी, "डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, पोळी एकच." त्या दिवशी आयांनी मुलं न्यायला यावं तर सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे. उत्तर होतं कणिक, आणि कणकेच्या डब्यातून किल्ली काढली होती.

मला सगळ्यात लक्षात राहिलंय ते घारीचं. "घार उडाली, काना सांडून गेली. मागे काय उरलं?" घार म्हणजे काय इथूनच सुरुवात होती. आठवडाभर मुलांनी डोकं खाजवलं. शेवटी एका मुलीनं कागदावर घार लिहिली, काना खोडला आणि हळूच वाचलं, "घर." मग तिनं विचारलं, "मावशी, घर म्हणजे होम की हाऊस?"

इंग्रजी शब्द असूनही त्या दिवशी बाईंना ऐकू आलं. म्हणाल्या, "दोन्ही. मराठीला दोन शब्द परवडत नाहीत."

ही कादंबरी छापावी असं आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं. एका सुट्टीत त्या कागदांचं बाड घेऊन पुण्यात एका प्रकाशकाकडे गेल्याही. त्यांना गोष्ट आवडली. फक्त ते म्हणाले की कोड्यांची उत्तरं शेवटच्या पानावर छापू, म्हणजे मुलांची गैरसोय नको. बाईंनी बाड परत पिशवीत घातलं. "मुलांची गैरसोय करायलाच तर मी हे लिहिलंय," असं त्यांना सांगून त्या उठल्या. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, "मुलगा चांगला होता, पण पत्रिका जुळली नाही."

बलदवर त्यांचा फार जीव. हिवाळ्यात सुट्टीच्या दुपारी त्या एकट्याच तिथल्या गल्ल्यांमधून हिंडत आणि बंद दारांसमोर उभ्या राहत. तिथल्या एका भंगारवाल्याशी त्यांची दोस्ती होती. त्याच्याकडून त्या जुनी कुलपं आणत, हातभर लांब किल्ल्यांची. असंच एक पितळी कुलूप त्यांनी सुतार बोलावून ग्रंथालयाच्या खोलीच्या दारात बसवून घेतलं. गोष्ट बंद ग्रंथालयाची, तर खोलीलाही तसं कुलूप हवं. किल्ली फिरली की खण्णकन आवाज व्हायचा आणि पोरांच्या अंगावर काटा यायचा.

त्या कुलपानंच घात केला.

तो शुक्रवार होता. वाचन संपलं होतं, मुलं हॉलमध्ये सरबत पीत होती आणि आम्ही दोघीतिघी आया त्यांना न्यायला आलो होतो. सई पुस्तक बदलायला म्हणून पुन्हा आत गेली. तिनं दार लोटलं, आणि बकुळसारखी किल्ली आतून फिरवून बघितली. खण्णकन आवाज झाला. मग किल्ली मागे फिरेना. तिनं जोर लावला, तशी ती कुलपातच तुटली.

आधी आम्ही हसतच होतो. "सई, हळू फिरव," वगैरे बाहेरून चाललं होतं. मग तिचा आवाज बदलला. दमा उठतानाचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तिचा पंप तिच्या दप्तरात होता आणि दप्तर माझ्या खांद्याला होतं. दाराखालच्या फटीतून मी तो सरकवायचा प्रयत्न केला. फट बोटभरही नव्हती. खिडकीत एसी बसवलेला, घर तिसऱ्या मजल्यावर.

खालून हारिस आला, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. येमेनी म्हातारा, पण अंगानं दणकट. "यल्ला, दार तोडतो," म्हणून त्यानं बाह्या सारल्या. पहिला धक्का बसला तसा आतून पुस्तकं पडल्याचा आवाज आला आणि सई किंचाळली. बाईंनी त्याचा दंडच धरला. "नाही! दाराला लागून कपाट आहे. ते पडलं तर तिच्या अंगावर येईल." एवढ्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग त्या हारिसला म्हणाल्या, "कुलूपवाला आण. कुठूनही आण."

पण जुम्म्याची वेळ झाली होती. बांग झालेली, दुकानं बंद, रस्ते रिकामे. नमाज झाल्याशिवाय कुलूपवाला मिळणं शक्य नव्हतं. कुणीतरी सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाला, फोन लावला, पण त्यांची गाडी लांबून येणार होती. हारिस धावत मशिदीकडे गेला. मी दाराला डोकं टेकवून उभी होते, आणि आतून शीळ घातल्यासारखा श्वासाचा आवाज येत होता.

"मावशी," सई म्हणाली, "आय कान्ट ब्रीद. आय कान्ट."

बाई खाली जमिनीवर बसल्या आणि त्यांनी दाराच्या फटीला गाल लावला.

"ऐकू येतंय बाळा," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येतंय. तुला येईल त्या भाषेत बोल. पण आधी भिंतीला टेकून बस. कपाटापासून लांब. बसलीस?"

"यस."

"शहाणी. आता ऐक. बकुळसुद्धा आत्ता तिथेच आहे. शेवटच्या दालनात. तिच्यासमोर एक दार आहे, त्याला कुलूप नाही, कडी नाही. ते दार फुंकरेनं उघडतं. पण फुंकर जोरात मारली तर ते रागावतं. तुझ्याजवळ एखादं पुस्तक आहे? मांडीवर उघड. मधलं पान उभं धर. आता तोंडाचा चंबू कर आणि त्या पानावर फुंकर घाल. इतकी हळू, की पान थरथरेल पण उलटणार नाही. जितकी लांब फुंकर, तितकं दार उघडणार. पान उलटलं तर पुन्हा पहिल्यापासून."

आतून एक तुटक फुंकर ऐकू आली.

"उलटलं?"

"उलटलं," सई म्हणाली.

"हरकत नाही. बकुळचंही पहिल्यांदा उलटलं होतं. नाकानं श्वास घे. खांदे सैल. पुन्हा."

मला तेव्हा कळलं की त्या काय करत होत्या. दम्याच्या पेशंटला ओठ मिटत आणून सावकाश श्वास सोडायला शिकवतात, ते त्या एका घाबरलेल्या पोरीला दाराआडून शिकवत होत्या, आणि तिला ते कळूही देत नव्हत्या. दार थोडं उघडलं की बकुळला पलीकडचं काहीतरी दिसायचं. एकदा समुद्र दिसला. एकदा कुणाचं तरी स्वयंपाकघर. एकदा तो म्हातारा ग्रंथपाल चष्मा शोधत होता. मध्येच त्या सईलाच विचारायच्या, "आता तुला काय दिसतंय?" आणि आतून धापा टाकत उत्तर यायचं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. दोघी मिळून गोष्ट पुढे नेत होत्या. त्यांचा आवाज अगदी संथ होता. पण मी शेजारीच बसले होते. मुठीत धरलेली पेन्सिल त्यांनी मोडून टाकली होती.

नमाज सुटल्याबरोबर हारिस एका पाकिस्तानी कुलूपवाल्याला स्कूटरवर बसवून घेऊन आला. "घबराओ मत बाजी," म्हणत त्यानं ड्रिल लावलं आणि कुलूप बाहेरून पोखरून काढलं. दार उघडलं. सई भिंतीला टेकून बसली होती, ओठ फिकट, मांडीवर पुस्तक उघडं. मी पंप तिच्या तोंडाला लावला. तासाभरात हॉस्पिटलमध्ये तिचा श्वास सुरळीत झाला, आणि तिनं पहिल्यांदा काय मागितलं, तर आईस्क्रीम.

पण प्रकरण तेवढ्यावर मिटलं नाही. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता गदारोळ. माझे यजमान तर एवढे संतापले होते की त्यांनी बाईंचं नाव घरात काढायचं नाही असं सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच आमच्या दारात उभ्या. त्या दिवशी त्यांचे खिसे खुळखुळले नाहीत. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"चूक माझी," त्या माझ्या यजमानांना म्हणाल्या. "हौसेपोटी मी मुलांच्या खोलीला असलं कुलूप लावलं. मी डॉक्टर आहे, मला कळायला हवं होतं. काही झालं असतं तर त्याला उत्तर नव्हतं. सगळी कुलपं मी फेकून दिली. ग्रंथालयही बंद केलंय."

अशाच त्या प्रत्येक घरी जाऊन आल्या. मग शुक्रवार सुने झाले. मुलं मॉलमध्ये जायला लागली. ती सगळी सईच्या मागे लागायची की शेवटच्या दालनात बकुळचं काय झालं ते सांग. सई सांगायची नाही. "ते मावशीचं आहे," म्हणायची.

पुढे काही महिन्यांनी कळलं की बाईंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलेलं नाही. वयामुळे. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं भारतात परत. निघण्याआधीच्या शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना मुलांसकट बोलावलं, पुस्तकं घेऊन जा म्हणून. मी यजमानांकडे पाहिलं. ते गाडीची किल्ली घेऊन उठले.

फ्लॅट ओळखू येत नव्हता. खोलीला दारच नव्हतं. बाईंनी ते बिजागऱ्यांसकट काढून टाकलं होतं. मुलांनी हवी ती पुस्तकं निवडली, प्रत्येकाबरोबर शेजारचंही मिळालं. मग बाईंनी ते कादंबरीचं बाड काढलं आणि त्याचं एकेक प्रकरण सुटं करून मुलांना वाटायला सुरुवात केली. याला पहिलं, तिला दुसरं. एका मुलाचे बाबा म्हणाले, "अहो डॉक्टर, निदान झेरॉक्स तरी काढून ठेवा. अशानं पुस्तक कुणाकडेच राहणार नाही."

"सगळ्यांकडे राहील," त्या म्हणाल्या. "फक्त वाचायचं झालं तर एकमेकांना शोधावं लागेल."

बाड संपलं. सईच्या हातात काहीच आलं नव्हतं. ती आपली ओंजळ पुढे धरून तशीच उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. माझ्या यजमानांनी चुळबुळ केली. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"शेवटचं प्रकरण मी लिहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जे तोंडाला येईल ते बोलत होते. मी इतकी घाबरले होते की मला त्यातलं आता एक अक्षर आठवत नाही. हे कोडं नाही घालत मी. खरंच आठवत नाही. ते तुझ्याकडेच आहे."

सई त्या रिकाम्या खोलीत गेली आणि भिंतीला टेकून बसली, त्याच जागी. मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

"बकुळसमोर एक दार होतं," ती म्हणाली. "त्याला कुलूप नव्हतं."

सुरुवातीला ती अडखळत होती. शब्द आठवला नाही की इंग्रजी घालायची आणि पुढे जायची. फुंकर कशी मारायची ते तिनं मुलांना करून दाखवलं. समुद्र आला, स्वयंपाकघर आलं, चष्मा शोधणारा ग्रंथपाल आला. मग बाईंनी कधीच न सांगितलेलंही काही यायला लागलं. निदान मी तरी ते दाराबाहेर ऐकलं नव्हतं. दारात उभे असलेले माझे यजमान खाली बसले. मुलीला एवढं सलग बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

आणि डॉक्टरबाई मुलांच्या घोळक्यात सगळ्यात मागे बसल्या होत्या, गुडघे छातीशी घेऊन. सई मध्येच श्वास घ्यायला थांबली, तर सगळ्यांच्या आधी त्याच म्हणाल्या, "मग? मग काय झालं?"